डायनोसॉरच्या चांगल्या (म्हणजे खरंच चांगल्या) फिगर्स कुठे मिळतात?

आळसोबा

मंडळी, चाळिशी उलटलीय आणि हा प्रश्न पोरासाठी नाहीये, माझ्यासाठीच आहे, तेव्हा ज्यांना "वय काय, करताय काय" लिहायचंय त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं.

मला डायनोसॉरच्या फिगर्स जमवायच्यात. रिटर्न गिफ्टमध्ये येतं ते डझनभर नगांचं पाकीट नव्हे हो, ज्यात टी-रेक्स शेपूट जमिनीला टेकवून उभा असतो आणि कुठल्या प्राण्याला किती बोटं याचा कुणी विचारच केलेला नसतो. नीट अभ्यास करून बनवलेल्या, हाताने रंगवलेल्या, शेल्फवर मांडल्या की बघत बसावं अशा हव्यात.

पुण्यात तुळशीबाग, बोहरी आळी, रविवार पेठ सगळं फिरून झालं. मॉलमध्ये श्लाइश दिसतं, मॅटेलचं ज्युरासिक वर्ल्डवालं तर सगळीकडेच आहे, पण नेटवर जी नावं वाचतो ना, पापो, सफारी, कलेक्टा, पीएनएसओ, ती इथे कुणाला विचारली की दुकानदार म्हणतो "साहेब हा घ्या ना, पोट दाबलं की ओरडतो पण".

तर जाणकारांनी सांगा, भारतात काय कुठे मिळतं, बाहेरून मागवलं तर किती फटका बसतो, आणि ऑनलाइन घेताना ओरिजिनल कसं ओळखायचं. बजेट महिन्याला दोन हजार, बायकोला माहीत असलेलं. खरं बजेट वेगळं.

सदाशिव_पेठकर

वय काय, करताय काय.
(सांगितलंत म्हणून लिहिलं. आता पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

चोरबाजारी

वा, या विषयावर धागा निघेल असं वाटलं नव्हतं. मी मुंबईत बरीच वर्षं हा उद्योग करतोय त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आळसोबा, दुकान नंतर शोधा, आधी काय हवंय ते ठरवा, कारण प्रत्येक कंपनीचा स्वभाव वेगळा आहे. श्लाइश जर्मन, दणकट, मुलांनी आपटावं म्हणूनच बनवलेलं, पाय जरा जास्तच मोठे असतात आणि शास्त्रीय अचूकतेच्या बाबतीत कलेक्टर लोक नाक मुरडतात. पापो फ्रेंच, त्यांचं शिल्पकाम बघाल तर कातडीची एकेक सुरकुती दिसते, २००५ चा त्यांचा टी-रेक्स अजून लोक शोधतात, पण त्यांचे प्राणी सिनेमातल्यासारखे असतात, पुस्तकातल्यासारखे कमी. सफारी अमेरिकन, पैशाच्या मानाने अचूकता सगळ्यात चांगली असं माझं मत, २०१७ साली त्यांनी पिसंवाला टी-रेक्स काढला तो डग वॉटसन या शिल्पकाराचा, त्यावरून काय भांडणं झाली होती लोकांची! कलेक्टा म्हणजे कुणी न काढलेले विचित्र प्राणी काढणारी कंपनी, शिवाय त्यांची १:४० ची, म्हणजे खऱ्या प्राण्याच्या चाळिसाव्या हिश्श्याची, डिलक्स रेंज वेगळी आहे. पीएनएसओ बीजिंगची, झाओ चुआंग या चित्रकाराच्या चित्रांवरून बनतात, सध्या या साइजमध्ये त्यांना तोड नाही. प्रत्येक प्राण्याला ते माणसाचं नाव देतात, टी-रेक्स विल्सन, कार्नोटॉरस डोमिंगो, ट्रायसेराटॉप्स डॉयल. घरी आमच्या मोलकरणीला पण विल्सन कोण ते माहितीय.

जुन्यात जायचं असेल तर इंग्लंडची इन्व्हिक्टा, हीच ती मास्टरमाइंड नावाचा रंगीत खुंट्यांचा गेम काढणारी कंपनी, १९७४ पासून त्यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी एकरंगी डायनोसॉर काढले होते. आणि सफारीचीच कार्नेगी कलेक्शन, पिट्सबर्गच्या म्युझियमबरोबर १९८८ ला सुरू झालेली आणि २०१५ ला बंद पडलेली. ही दोन्ही आता फक्त सेकंडहँडमध्येच.

आता मुंबई. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटला खेळण्यांचा होलसेल आहे, तिथे नव्वद टक्के माल ज्याला जगभरचे कलेक्टर "चायनासॉर" म्हणतात तो. पण खोके उपसायची तयारी असेल तर मधूनच एखादा असा निघतो की विचारू नका. चोरबाजारात मटन स्ट्रीटला आणि शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या बाजारात जुन्या घरांतलं सामान येतं, त्यात खेळण्यांच्या टोपल्या असतात. टोपली दिसली की प्रत्येक प्राणी उलटा करून पोट बघायचं. मला तिथे इन्व्हिक्टाचा मेगॅलोसॉरस मिळालाय, पोटावर म्युझियमचं नाव कोरलेलं, विकणारा त्याला मगर म्हणत होता आणि मगरीच्या भावात दिला. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो ना, तिथे बघा, सकाळी लवकर.

रेवाची_आई

मस्त धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, लेक सहा वर्षांची आहे आणि डायनोसॉरवेडी आहे पण अजून सगळं तोंडात जातं. ते पाकिटातले डायनोसॉर उघडले की रॉकेलसारखा वास येतो तो मला अजिबात आवडत नाही. आयएसआय मार्क असलेलेच घ्या म्हणतात तर या परदेशी कंपन्यांवर तो असतो का? आणि कलेक्टरवाले मुलांना दिले तर चालतात का?

जकात_नाका

रेवाची आई, माझं कामच आयात-निर्यातीचं आहे त्यामुळे उत्तर देतो, आळसोबांच्या फटक्याच्या प्रश्नाचंही यातच येईल.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांसाठी जी खेळणी विकली जातात त्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे, माल इथे बनलेला असो की बाहेरून आलेला. म्हणजे परदेशातल्या कारखान्यालाही बीआयएसकडे अर्ज करून लायसन्स घ्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांना ते परवडतं, छोट्या कंपन्यांना भारतासारख्या त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाजारासाठी तो खटाटोप करावासा वाटत नाही. म्हणून तुम्हाला मॉलमध्ये दोनच नावं दिसतात. दुकानदाराला माल आवडत नाही असं नाही, आणायचा कसा हा प्रश्न आहे. मुलीसाठी घेताना खोक्यावर मार्क बघून घ्या, वास येणारं पाकीट सरळ परत ठेवा.

कस्टम ड्यूटी: खेळण्यांवर आधी २० टक्के होती, फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये ६० झाली, २०२३ ला ७०. त्यावर जीएसटी वेगळा. त्यामुळे दुकानदार रीतसर आणतो तेव्हा तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर युरोपातल्या किमतीच्या दुप्पट भाव होतो तो नुसता नफा नसतो.

अजून एक, "गिफ्ट म्हणून पाठव" हा सल्ला नेटवर बराच दिसेल. तो मार्ग डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालाय. टपालाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून सोडवून घ्यायला आता जीवरक्षक औषधं आणि राखी एवढीच सूट. राखीबरोबरची भेटवस्तूसुद्धा नाही, फक्त राखी.

सदाशिव_पेठकर

म्हणजे राखीला पिसंवाला टी-रेक्स चिकटवला तर?

जकात_नाका

करून बघा आणि धागा काढा, आम्ही वाचू.

आळसोबा

अरे बापरे, हे सगळं माहीतच नव्हतं. चोरबाजारी, दंडवत घ्या. तो चिनी अ‍ॅप होता ना पूर्वी ज्यावर लोक पीएनएसओ मागवायचे तो आता चालतच नाही, बरोबर?

चोरबाजारी

अलीएक्सप्रेस ना, नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली त्याच्यावर. आणि ईबेचं भारतातलं दुकान २०१८ लाच आटोपलं, आता बाहेरच्या ईबेवरून जे विक्रेते भारतात पाठवायला तयार असतील त्यांच्याकडूनच. मी दोन-चार मित्र मिळून एकत्र ऑर्डर टाकतो इंग्लंडमधून, एव्हरीथिंग डायनोसॉर म्हणून दुकान आहे तिथलं, त्यांच्याकडे पापो, कलेक्टा, पीएनएसओ एका ठिकाणी असतं. पोस्टेज वाटून घेतो, ड्यूटी आली की त्या त्या प्राण्याच्या मालकाने भरायची. रडत नाही आम्ही, छंद आहे.

ड्यूटीसकट सुद्धा कधीकधी इथल्या ऑनलाइन भावापेक्षा स्वस्त पडतं ते मात्र खरं, कारण इथे ऑनलाइन काही महाभाग एकच श्लाइश चौपट भावाला लावून ठेवतात, "इम्पोर्टेड" लिहून. घेण्याआधी तोच प्राणी कंपनीच्या साइटवर किती युरोला आहे ते बघत जा, मग कुठे हसायचं आणि कुठे घ्यायचं ते कळतं.

मुक्काम_श्टुटगार्ट

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नावाप्रमाणे. इथे एक गंमत आहे, श्लाइशचं मुख्य ऑफिस बरीच वर्षं श्वेबिश ग्म्युंडला होतं आणि बुलीलँड म्हणून दुसरी जर्मन कंपनी, तिचं गाव श्प्राइटबाख, ते तिथून अगदी हाकेच्या अंतरावर. दोन्ही गावं माझ्या घरापासून तासाभराच्या आतबाहेर. इथल्या लोकांना याचं काहीही कौतुक नाही, सातारकरांना कंदी पेढ्याचं असतं तेवढंसुद्धा नाही.

दुकानात घ्यायचं तर म्युलर म्हणून औषधं-साबणांची साखळी आहे, तिच्या खेळण्यांच्या मजल्यावर श्लाइशची आख्खी भिंत असते. पण खरी मजा फ्लोमार्क्टला, म्हणजे आपला जुना बाजारच, त्यातही मुलांच्या सामानाचा वेगळा भरतो शाळेच्या हॉलमध्ये वगैरे. पोरं मोठी झाली की आया टोपलीभर श्लाइश घेऊन बसतात, एक-दोन युरोला एक. श्लाइश आपले जुने प्राणी भराभर बंद करतं त्यामुळे तिथे असे मिळतात जे दुकानातून केव्हाच गेलेत. शेपटीचं टोक आणि दात बघून घ्यायचे, चावलेले असतात.

आणि श्टुटगार्टच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला आलात कधी तर ट्रोसिंगनचे प्लेटिओसॉरस बघा, ते खरे सांगाडे, या भागातलेच. म्युझियमच्या दुकानातून मी माझा पहिला प्लेटिओसॉरस घेतला. स्थानिक प्राणी स्थानिक दुकानात मिळतो याचं मला फार बरं वाटलं होतं.

जर्सीची_सुमा

अमेरिकेतलं मी सांगते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचं दुकान भारी आहे पण पर्यटकांचा भाव आहे. आम्ही सफारी घ्यायचं तर मायकल्स किंवा हॉबी लॉबी अशा क्राफ्टच्या दुकानात बघतो, रंगांच्या ट्यूबा आणि लोकरीच्या गुंड्यांच्या मध्येच एक रॅक असतो आणि कूपनं सारखी येत असतात. वॉलमार्ट-टार्गेटला मॅटेल भरपूर. त्यात हॅमंड कलेक्शन म्हणून एक रेंज २०२२ पासून आलीय, सांधे हलणारी, मोठ्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून काढलेली, बाकीच्या बटणवाल्यांपेक्षा खूप बरी.

पण खरं सांगू का, अमेरिकेतल्या मराठी माणसाकडून डायनोसॉर मागवायचा असेल तर दिवाळीला येणाऱ्या माणसाला जुलैमध्येच सांगा. ऑक्टोबरमध्ये सांगितलंत तर बॅगेत बदाम, व्हिटॅमिनं आणि कुणाच्यातरी सासूबाईंची बीपी मशीन आधीच बसलेली असते. आणि खोकं काढून आणू का असं विचारलं की हो म्हणा! खोक्यासकट ट्रायसेराटॉप्स म्हणजे अर्धी बॅग. माझ्या भावाने खोक्यासकटच पाहिजे म्हणून हट्ट धरला, मी पुढच्या वेळी त्याला चॉकलेटं नेली.

आळसोबा

सुमाताई, मी खोक्याशिवाय घेणाऱ्यांतला आहे हे इथे जाहीर करतो. भाऊ नसलो तरी.

जर्सीची_सुमा

बघू बघू.

तोक्योकर

जपानचं कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे हा छंद असलेला माणूस म्हणजे वेडा नव्हे, ग्राहक. काइयोदो म्हणून ओसाकाकडची कंपनी आहे, त्यांनी २००० नंतरच्या वर्षांत चॉकलेटबरोबर डायनोसॉर विकले होते, अंगठ्याएवढे, आणि त्या अंगठ्याएवढ्या प्राण्याची रंगसंगती, स्नायू, सगळं असं की मोठ्या कंपन्यांनी लाजावं. तुकडे जोडून प्राणी तयार करायचा असतो. आजही ते सेकंडहँड मिळतात. तोक्योत नाकानो ब्रॉडवे नावाची इमारत आहे, त्यात मांदाराके या जुन्या खेळण्यांच्या दुकानाच्या कितीतरी शाखा एकाच इमारतीत आहेत, काचेच्या कपाटात सुट्टे डायनोसॉर नंबर लावून ठेवलेले. दुपारनंतर जा, सकाळी बंद असतं.

आणि फुकुई. कात्सुयामाचं डायनोसॉर म्युझियम जगातल्या मोठ्या म्युझियमांत धरतात, मार्च २०२४ पासून शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, फुकुईपर्यंत जाते त्यामुळे तोक्योहून एका गाडीत. स्टेशनबाहेरच मान हलवणारे डायनोसॉर उभे आहेत. म्युझियमच्या दुकानात फेवरिट नावाच्या कंपनीचे मॉडेल बघा, आणि फुकुइराप्टर, फुकुइसॉरस हे त्यांच्याच मातीतले प्राणी, त्यांच्या फिगर्स, बिस्किटं, टॉवेल, टोप्या सगळं काही. एका प्रीफेक्चरने, म्हणजे प्रांताने, आपल्या डायनोसॉरवर आख्खं पर्यटन उभं केलंय.

जपानी विक्रेत्यांचं एक चांगलं, दोष लपवत नाहीत. डाव्या पायाच्या तिसऱ्या नखाचा रंग गेलाय असं लिहून वर त्याचा फोटो देतात.

वऱ्हाडी_ठेचा

तोक्योकरांनी शेवटी जे लिहिलं ना फुकुईचं, ते वाचून राहवलं नाही. मी भूशास्त्रवाला, नागपूरचा.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव आहे, तिथल्या टेकडीत एक लांब मानेचा टायटॅनोसॉर निघाला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी काढला, १९९७ ला त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं आणि २००३ ला इसिसॉरस असं स्वतंत्र नाव मिळालं. त्याच पट्ट्यात पिसदुरा, तिथे शेतात डायनोसॉरची शेण-अश्मं मिळतात, हो शेणच, आणि २००५ साली त्यातच गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं बहुतेक लोक मानत. खाली गडचिरोलीत सिरोंचाकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस, १९७५ ला नाव दिलं, किमान सहा जनावरांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं, कोलकात्याला सांगाडा उभा आहे. सिरोंच्याजवळ वडधमला फॉसिल पार्क आहे.

आता मला सांगा, यातल्या एकाची तरी चांगली फिगर तुम्ही नागपूर, चंद्रपूर, पुणे, मुंबईच्या एका तरी दुकानात पाहिलीय का? मी नाही पाहिली. आमच्या पोरांना मॉन्टानाचा टी-रेक्स माहितीय, मोजून बोटं सुद्धा बरोबर सांगतात त्याची. डोंगरगाव कुठे आहे ते विचारा, नागपूरपासून काही तासांवर आहे ते गाव.

गुजरातेत जरा बरं आहे, रय्योली-बालासिनोरला पार्क आणि २०१९ पासून म्युझियम आहे, राजासॉरस नर्मदेन्सिस तिथला, २००३ चं नाव. आपल्याकडे नागपूरला रमण सायन्स सेंटर आहे, मुंबईत वरळीला नेहरू सायन्स सेंटर, पोरांच्या सहली रोज येतात. गेटजवळच्या दुकानात काय ठेवलंय ते एकदा बघून या. विकत घ्यायला लोक तयार आहेत हो, विकायला काही नाही.

चोरबाजारी

ठेचाभाऊ, टाळ्या. अगदी मनातलं. राजासॉरस हवा असेल आणि मिळत नसेल तर मी त्याच घराण्यातला कार्नोटॉरस ठेवलाय त्याच्या जागी, दोघेही अ‍ॅबेलिसॉर. कार्नोटॉरस अर्जेंटिनाचा, पण तेव्हाच्या गोंडवनाचा, म्हणजे भारत आणि दक्षिण अमेरिका ज्यात जोडलेले होते त्या जुन्या महाखंडाचा, विचार केला तर लांबचा का होईना नातेवाईकच.

सदाशिव_पेठकर

अवांतर: आमच्याकडे पण एका नात्यातल्याला दुसऱ्याच्या जागी उभं करतात, गणपतीच्या आरतीला.

थ्रीडीवाला

ठेचा, यावर उपाय आहे आणि तो पुण्यातच आहे. मी थ्रीडी प्रिंटिंग करतो. बाहेरचे कितीतरी शिल्पकार आपल्या डायनोसॉरच्या फाइली विकतात, फाइल विकत घ्यायची, इथे कुठल्याही रेझिन प्रिंटरवर काढून घ्यायची, प्राइमर मारायचा आणि अ‍ॅक्रिलिकने रंगवायचा. कस्टमचा प्रश्नच येत नाही. १:४० ला बारा मीटरचा टी-रेक्स तीस सेंटिमीटरचा होतो, तो एका तुकड्यात निघत नाही, तीन-चार भाग करून जोडावा लागतो, जोड भरायला पुट्टी. लहान प्राणी आख्खे निघतात.

फाइल घेताना शिल्पकाराची परवानगी बघा, काहीजण फक्त स्वतःपुरतं प्रिंट करायला देतात, विकायला नाही. आणि कंपन्यांच्या फिगर्स स्कॅन करून फुकट वाटलेल्या फाइली असतात त्या घेऊ नका, चोरीच आहे ती, शिवाय तपशील सगळा पुसट येतो.

रेझिन ठिसूळ असतं, पडलं की गेलं, त्यामुळे रेवाच्या आईसाठी हे नाही.

रेवाची_आई

नाही नाही, आमच्याकडे रोज पडतं. मी श्लाइशचा ट्रायसेराटॉप्स घेतला, मार्क बघून. जेवायला ताटाशेजारी असतो.

आळसोबा

थ्रीडीवाले, मग इसिसॉरसची फाइल करता येईल का कुणाकडून? मी पैसे द्यायला तयार आहे, खरं बजेट वापरून.

आणि तो खोट्या मालाचा प्रश्न राहिला की मंडळी.

चोरबाजारी

हां, खोटं. पापोची नक्कल सगळ्यात जास्त होते. मूळ मालावर पोटाखाली किंवा पायावर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं, नकलेत ते नसतं किंवा पुसून गुळगुळीत केलेलं असतं. शिवणी, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ, नकलेत बोटाला लागते. डोळे बघा, ओरिजिनलमध्ये बुबुळ वेगळं रंगवलेलं असतं, नकलेत नुसता ठिपका, तोही जागेवर नाही. आणि रेवाच्या आईंनी म्हटलं तो वास. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला फोटो कंपनीचा दाखवून माल नकली पाठवला होता, परत घेतला त्याने पण तीन आठवडे भांडून. तेव्हापासून विक्रेत्याला आधीच सांगतो, प्राणी उलटा करून पोटाचा फोटो पाठव. खरा कलेक्टर असेल तर तो न विचारता पाठवतो, टाळाटाळ केली की सोडून द्यायचं.

स्वस्त नक्कल शेल्फवर ठेवायला हरकत काय असं विचारणारे भेटतात. माझी आहे हरकत. डग वॉटसनसारखा माणूस महिनोन् महिने एका प्राण्यावर बसतो आणि कुणीतरी त्याचा साचा मारून नेतो.

वैशाखवणवा

मी वाचकच आहे इथला, पण जळगावचा असल्यामुळे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे जी या पुण्या-मुंबईच्या लोकांना सुचणार नाही. दोन पायांवर उभे असणारे प्राणी, टी-रेक्स, अ‍ॅलोसॉरस वगैरे, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये झोपतात. पीव्हीसी मऊ पडतं, घोट्याशी वाकतं, एक दिवस सकाळी सगळे शेल्फवर नाकावर आपटलेले. शेजारच्यावर पडला की त्याची शेपूट पण वाकते.

सरळ करायचं असेल तर चांगलं कडकडीत गरम पाणी, पण उकळतं नको, त्यात पाय बुडवून ठेवा मिनिटभर, मग हाताने हवं तसं वळवा आणि धरून ठेवत लगेच गार पाण्यात. पाहिजे तर बर्फ टाका. हळू करा, रंग जुना असेल तर आधी कोपऱ्यात बघा. आणि मार्चपासूनच त्यांना आधार द्या, मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या काड्या छातीखाली लावतो. किंवा घेतानाच बेसवाला घ्या, रिबोर कंपनीच्या फिगर्सना बरेचदा बेस असतो. उन्हाच्या खिडकीत तर ठेवूच नका, रंग उडतो तो परत येत नाही.

कुरियरने मेमध्ये मागवू नका हे ओघाने आलंच. गोडाऊनमध्ये काय तापमान असेल विचार करा.

मुक्काम_श्टुटगार्ट

हे भारीच. इथे कुणाला हा प्रश्नच पडत नाही.

जकात_नाका

वैशाखवणवा, तुमचा प्रतिसाद वरती पिन करायला हवा. त्यावरून एक, येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून आणलेल्या फिगर्स स्वतःच्या सामानाच्या मर्यादेत बसत असतील तर काही अडचण येत नाही, पण एकाच प्राण्याचे दहा नग कुणी आणले तर ते विकायला आणलेत असा संशय येणं साहजिक आहे. प्रत्येकाने आपापला एक सांगा सुमाताईंना.

जर्सीची_सुमा

मी अजून हो म्हटलेलं नाहीये!!

आळसोबा

तर आता ठरलं असं की श्लाइश इथेच मॉलमध्ये घ्यायचं नाही, श्टुटगार्टकरांच्या टोपलीतून बघायचं, पीएनएसओचा डोमिंगो चोरबाजारींच्या पुढच्या एकत्र ऑर्डरमध्ये, आणि सफारीचा पिसंवाला सुमाताईंच्या कृपेने. रविवारी जुन्या बाजारात जातोय. इसिसॉरसचं मात्र डोक्यातून जात नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा

थ्रीडीवाल्याला एक सांगून ठेवतो, इसिसॉरसची कवटी मिळालेली नाही, मागचे पाय आणि पावलंही नाहीत. मणके, फासळ्या, कमरेचं हाड, खांद्याचं हाड, पुढचा हात एवढं आहे. मान तुलनेने आखूड आणि पुढचे पाय लांब, म्हणजे उभा राहिला की पुढून उंच दिसतो. डोकं आणि मागचे पाय इतर टायटॅनोसॉरवरून घ्यावे लागतील, ते जो करेल त्याने तसं लिहून ठेवावं बेसवर. लोकांना खोटं दाखवायचं नाही. मोजमापाचे पेपर माझ्याकडे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, देतो.

थ्रीडीवाला

केला व्यनि. माझ्या ओळखीत गणपतीच्या मूर्तींचे डिजिटल साचे करणारा एक मुलगा आहे पेणचा, हात चांगला आहे त्याचा, पण डायनोसॉर केलेला नाही कधी. त्याला पेपर दाखवतो. आधी राखाडी, न रंगवलेला नमुना काढू १:४० ला, ठेचांनी हाडांवरून तपासायचा, मगच कातडी. किती जणांना हवाय ते इथेच सांगा म्हणजे रेझिनचा अंदाज येईल.

चोरबाजारी

दोन. एक खोक्यात राहील.

तोक्योकर

मला एक, पोस्टाने नको, डिसेंबरात येतोय.

वैशाखवणवा

चार पायांचा आहे ना? मग मला पण एक.